पलटण, रेजिमेंट, ब्रिगेड: पायदळाचं घरदार

मराठी बातम्यांत एक शब्द सगळीकडे चालतो: तुकडी. दहा जवान गस्तीला गेले तरी तुकडी, आठशे जणांची बटालियन सीमेवर हलली तरी तुकडी, आणि हजारो जवानांची डिव्हिजन असली तरी तुकडीच. मग एखाद्या दिवशी मोठी बातमी येते आणि गोंधळ उडतो. २६ जुलै २०२५ रोजी द्रासला लष्करप्रमुख जनरल उपेंद्र द्विवेदी यांनी ‘रुद्र’ ब्रिगेड, ‘भैरव’ बटालियन आणि पायदळाच्या प्रत्येक बटालियनमध्ये ड्रोन प्लॅटून अशा तीन गोष्टी जाहीर केल्या. यातलं काय मोठं, काय छोटं, आणि कोण कोणाच्या पोटात, हे कळल्याशिवाय या बातमीचा अर्थच लागत नाही.

इंदूरच्या माणसाला तर हे कळायलाच हवं. महूनाक्यावरून पंचवीसेक किलोमीटरवर महू आहे आणि तिथल्या इन्फन्ट्री स्कूलमध्ये देशभरातल्या पायदळाचे अधिकारी आणि जवान शिकायला येतात. महूच्या बाजारात एकाच चहाच्या टपरीवर चार जवान दिसतात, चौघांच्या खांद्यावरची अक्षरं वेगळी आणि टोपीवरचे तुरेही वेगळे. ती अक्षरं वाचता यावीत, एवढ्यासाठी हा लेख.

आधी एक गैरसमज काढून टाकू. पलटण म्हणजे प्लॅटून नव्हे. फौजेत ‘आमची पलटण’ म्हणजे आमची बटालियन, साधारण आठशे जणांची. प्लॅटून त्यातला छोटासा भाग, तीस-पस्तीस जणांचा. दोन्ही शब्द कानाला सारखे लागतात, म्हणून वर्तमानपत्रांतही अदलाबदल होते.

सुरुवात दहापासून

पायदळाचा सगळ्यात लहान लढाऊ गट म्हणजे सेक्शन. माणसं दहा, प्रमुख हवालदार किंवा नाईक.

दहाच का? गोळीबार सुरू झाला की कानठळ्या बसतात, प्रत्येक जण जमिनीला चिकटतो, समोरचं दिसत नाही. अशा वेळी एका माणसाचा आवाज आणि हाताची खूण जितक्यांपर्यंत पोचते, तितकीच माणसं तो खरोखर चालवू शकतो. शिवकाळातल्या पायदळातही नायकाच्या हाताखाली नऊ-दहा पाईक असत आणि पाच नायकांवर एक हवालदार. शस्त्रं सगळी बदलली, पण माणसाचा घसा आणि नजर तीच राहिली. म्हणून हा आकडा साडेतीनशे वर्षांत फारसा हललेला नाही.

या दहांच्या आतही रचना असते. एक लाइट मशीनगन, म्हणजे एलएमजी. ती चालवायला दोघं. एक नंबर गोळी झाडतो, दोन नंबर दारूगोळा पुरवतो आणि पहिला पडला तर तीच बंदूक हातात घेतो. बाकीचे रायफलवाले. प्रमुखाचा एक दुय्यम ठरलेला असतो, आणि प्रमुख पडला तर कोणी विचारायचं नसतं, दुय्यमाने बोलायला सुरुवात करायची.

यांचं मुख्य काम एका वाक्यात मावतं: निम्म्यांनी गोळीबार करून शत्रूचं डोकं खाली ठेवायचं आणि निम्म्यांनी पुढे सरकायचं, मग अदलाबदल. ऐकायला सोपं आहे, पण बिघडतं ते इथेच. पुढे जाणारे जास्त वेळ उघड्यावर राहिले की मागच्यांच्या गोळ्या संपतात. किंवा पुढे जाणारे आपल्याच एलएमजीच्या रेषेत येतात, मग ती थांबवावी लागते आणि त्याच क्षणी शत्रू डोकं वर काढतो. सेक्शनचा सराव महिनोन्‌महिने पुन्हा पुन्हा करून घेतात तो यासाठी.

सेक्शन कमांडर असणं म्हणजे काय, हे १० जुलै १९४४ रोजी इटलीत दिसलं. नाईक यशवंत घाडगे यांच्या सेक्शनवर अगदी जवळून मशीनगनचा मारा झाला आणि त्यांच्याशिवाय सगळे मेले किंवा जखमी झाले. निम्म्यांनी गोळीबार करायचा तर निम्मे उरलेच नव्हते. ते एकटे धावत गेले, हातबाँब टाकून मशीनगन आणि ती चालवणारा दोन्ही निकामी केले, मग एकाला गोळीने टिपलं. मॅगझिन बदलायला वेळ नव्हता, म्हणून उरलेल्या दोघांना बंदुकीच्या दस्त्याने संपवलं. त्यानंतर लपलेल्या नेमबाजांनी त्यांना टिपलं. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. हुद्दा होता नाईक, जबाबदारी होती दहा माणसांची.

मग तिनाचा पाढा

तीन सेक्शन मिळून एक प्लॅटून. प्रमुख बहुतेकदा नायब सुभेदार किंवा सुभेदार. तीन प्लॅटून मिळून एक कंपनी, सुमारे १२० जण, प्रमुख मेजर.

तीनच का? एक गट समोरून शत्रूला गुंतवून ठेवतो, दुसरा बगलेने जातो, तिसरा हातात राखून ठेवतात. हा तिसरा, राखीव, हीच खरी कमांडरची ताकद. पहिले दोन एकदा भिडले की त्यांना परत बोलावता येत नाही. तिसऱ्याला कुठे घालायचं हे मात्र त्याच्या हातात असतं. घाबरलेला कमांडर राखीव गट लवकर वापरून टाकतो, आणि मग अर्ध्या तासाने खरी गरज पडते तेव्हा पाठवायला कोणी उरत नाही.

कंपन्यांना ए, बी, सी, डी म्हणजे अल्फा, ब्राव्हो, चार्ली, डेल्टा अशी नावं. प्लॅटूनचे क्रमांक पूर्ण बटालियनमधून सलग चालतात: अल्फात १, २, ३, ब्राव्होत ४, ५, ६, चार्लीत ७, ८, ९, डेल्टात १०, ११, १२. हे एकदा कळलं की जुने युद्धवृत्तान्त वेगळेच उलगडतात. १८ नोव्हेंबर १९६२ रोजी लडाखमधल्या रेझांग ला इथे, चिनी सैन्यासमोर, मेजर शैतान सिंग यांच्याबरोबर १३ कुमाऊँ या बटालियनची चार्ली कंपनी होती. म्हणून त्या लढाईच्या वर्णनात ७, ८ आणि ९ नंबरच्या प्लॅटून भेटतात. सुमारे १२० जण, म्हणजे एक पूर्ण कंपनी. मधल्या डोंगराच्या आडोशामुळे भारतीय तोफखान्याचा मारा तिथे पोचत नव्हता. ११४ जण तिथेच पडले. कंपनी एकटी पडली म्हणजे काय होतं, त्याचं याहून स्पष्ट उदाहरण शोधूनही मिळणार नाही.

बटालियन: स्वतःच्या पायावर उभं घर

रेझांग लाला जे नव्हतं, ते पुरवण्यासाठीच बटालियन असते. चार रायफल कंपन्या लढतात. त्यांच्याखेरीज एक सपोर्ट कंपनी: ८१ मिलिमीटरच्या उखळी तोफा, रणगाडाभेदी क्षेपणास्त्रं. आणि एक हेडक्वार्टर कंपनी: वायरलेसवाले, गाड्या, कोठार, लंगर म्हणजे स्वयंपाकघर, कारकून. शिवाय डॉक्टर, धर्मगुरू आणि ‘घातक’ प्लॅटून. घातकमध्ये निवडक वीसेक जण असतात, अवघड छाप्यांसाठी. १९९९ साली कारगिल युद्धात टायगर हिलचा कडा दोराने चढून गेलेले १८ ग्रेनेडियर्स या बटालियनचे जवान घातकचेच.

प्रमुख म्हणजे कमांडिंग ऑफिसर, सीओ, हुद्दा कर्नल. त्याच्या शेजारी आणखी एक माणूस असतो, ज्याच्याबद्दल बाहेर फार लिहिलं जात नाही: सुभेदार मेजर. तो शिपाई म्हणून याच पलटणीत भरती झालेला असतो आणि पंचवीस-तीस वर्षं तिच्यातच वाढलेला असतो. कोणाच्या घरी जमिनीचा वाद आहे, कोण तीन दिवस जेवलेला नाही, कोणत्या दोघांना एका चौकीवर ठेवू नये, हे त्याला ठाऊक असतं. अधिकारी कोर्सला जातात, बदलीवर जातात आणि परत येतात. सुभेदारांची ही फळी पलटणीची आठवण सांभाळते. जाता जाता: मल्हारराव होळकरांची ‘सुभेदार’ ही पदवी सुभ्याच्या कारभाराची होती. फौजेतला सुभेदार हा शिपाई आणि अधिकारी यांच्यामधला दुवा आहे. शब्द एक, काम वेगळं.

आता आठशे या आकड्याकडे बारकाईने पाहू. जवानाला वर्षाला साठ दिवस वार्षिक आणि तीस दिवस नैमित्तिक रजा असते. ३६५ पैकी ९०, म्हणजे कोणत्याही दिवशी साधारण चौथा भाग रजेवर. काही जण महूला किंवा बेळगावला कोर्सवर, काही आजारी. चार रायफल कंपन्यांचे मिळून कागदावर सुमारे ४८०. त्यातून हे सगळे वजा केले की खंदकात उभे राहायला साडेतीनशे उरले तरी पुष्कळ. ‘एक बटालियन पाठवली’ असं ऐकलं की आठशे बंदुका डोळ्यासमोर आणू नयेत.

आणि बटालियन रातोरात उंचावर नेताही येत नाही. नऊ हजार फुटांवर गेल्यावर सहा दिवस, बारा हजारांवर आणखी चार दिवस, पंधरा हजारांवर आणखी चार दिवस शरीराला हवेची सवय करून द्यावी लागते. एकूण चौदा. घाई केली तर फुफ्फुसात पाणी भरतं आणि धडधाकट तरुण गोळी न लागता दगावतो.

मग रेजिमेंट कुठे आली?

सगळ्यात जास्त गोंधळ इथे आहे. अनेकांना वाटतं की बटालियनच्या वरची पायरी म्हणजे रेजिमेंट. भारतीय पायदळात तसं नाही. लढण्याच्या शिडीत बटालियननंतर थेट ब्रिगेड येते: तीन बटालियन, प्रमुख ब्रिगेडियर. तीन-चार ब्रिगेडची डिव्हिजन, त्यावर कोअर, त्यावर कमांड. रेजिमेंट या शिडीवर नाहीच.

रेजिमेंट म्हणजे कूळ. बटालियन म्हणजे त्या कुळातलं एक घर. ब्रिगेड म्हणजे ते घर सध्या ज्या आळीत राहतं ती आळी.

एका कुळाची घरं इंदूरला, बडोद्याला, नागपूरला असतात. कुलदैवत एक, आडनाव एक, पण चूल वेगळी. तसंच मराठा लाइट इन्फन्ट्रीची एक पलटण लडाखला, दुसरी ईशान्येला, तिसरी शांततेच्या ठाण्यावर. सगळ्यांची रणगर्जना एक: ‘बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय’. सगळ्यांचं मूळगाव एक: बेळगावचं रेजिमेंटल सेंटर. जवान तिथे घडतो, कसम परेड करून पलटणीत जातो. पण लढाईच्या दिवशी मराठा पलटणीच्या उजवीकडे गुरखा आणि डावीकडे मद्रासी पलटण असू शकते, कारण ती तिच्या ब्रिगेडच्या आळीतली शेजारी. दोन-तीन वर्षांनी पलटण दुसरीकडे हलते, आळी बदलते, कूळ बदलत नाही.

नाव वाचायची रीतही यातूनच येते. ‘७ मराठा’ म्हणजे मराठा लाइट इन्फन्ट्रीची सातवी बटालियन. ‘४१ आरआर (मराठा लाइट इन्फन्ट्री)’ म्हणजे राष्ट्रीय रायफल्सची ४१ वी बटालियन, जिच्यात मुख्य भरणा मराठा लाइट इन्फन्ट्रीतून ठरावीक मुदतीसाठी आलेल्या जवानांचा. राष्ट्रीय रायफल्स १९९० मध्ये दहशतवादाविरुद्ध उभी राहिली. तिच्या बटालियनमध्ये रायफल कंपन्या चारऐवजी सहा असतात, कारण तिथे टेकडी जिंकायची नसते, पसरलेला मुलूख राखायचा असतो.

ही कुळाची पद्धत कशी आली

मराठ्यांनी शिस्तबद्ध, बंदूकधारी पायदळाची ताकद पानिपतावर इब्राहिमखान गारदी याच्या पथकांत पाहिली होती. महादजी शिंद्यांनी ती पुढे नेली. १७८४ पासून द बॉइन या अधिकाऱ्याने त्यांच्यासाठी पलटणी उभ्या केल्या. पुढे दहा पलटणींचा एक ‘कंपू’ झाला. आजच्या मराठीतला कंपू आणि ग्वाल्हेरच्या लष्करातली कंपू ही वस्ती, दोन्हींत तोच शब्द आहे. प्रत्येक पलटणीजवळ स्वतःच्या तोफा आणि पगारासाठी दुआबातला वेगळा लावून दिलेला मुलूख. पगार वेळेवर, ही त्या फौजेची निम्मी ताकद होती. १७९० मध्ये राजपुतान्यातल्या पाटण आणि मेडता, दोन्ही लढाया या पायदळाने जिंकल्या.

मग १८०३ मध्ये काय बिघडलं? शिपाई नव्हेत. इंग्रजांशी युद्ध होताना कंपूंचे अनेक युरोपीय अधिकारी सोडून गेले, सेनापती पेराँ स्वतः इंग्रजांच्या हवाली झाला. लासवारीला या पलटणी आपल्या अधिकाऱ्यांविना लढल्या आणि विलक्षण चिवटपणे लढल्या. पण वरची फळी परकी आणि भाडोत्री असेल तर खालची शिस्त कितीही पक्की असो, लढाई जुळवून आणणारा कोणी राहत नाही. आज कर्नल आणि सुभेदार मेजर एकाच पलटणीच्या नावाने जगतात, त्याचं मोल हा पराभव वाचल्यावर नीट कळतं.

इंग्रजांच्या मुंबई फौजेतही पलटणी होत्याच. मराठा लाइट इन्फन्ट्रीची पहिली बटालियन, ‘जंगी पलटण’, १७६८ ची. पण तेव्हा प्रत्येक पलटण स्वतःच एक रेजिमेंट होती आणि आपले रंगरूट आपणच तयार करी. पहिल्या महायुद्धात ही पद्धत कोलमडली. पलटण समुद्रापार, माणसं झपाट्याने पडताहेत, आणि मागे नवे जवान घडवायला कोणीच नाही. मग इकडून पन्नास, तिकडून तीस अशी भरती व्हायची. भाषा वेगळी, ओळख नाही. शेजारचा माणूस कोण हे माहीत नसलेला सेक्शन निम्म्यांनी गोळीबार आणि निम्म्यांनी धाव कशी जुळवणार?

म्हणून १९२२ मध्ये पलटणींची कुळं बांधली: चार-पाच लढाऊ बटालियन आणि एक प्रशिक्षण बटालियन, तिला क्रमांक दहावा. १०३, १०५, ११०, ११६ आणि ११७ या पाच जुन्या रेजिमेंट ५ व्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या पहिल्या ते पाचव्या बटालियन झाल्या आणि ११४ वी दहावी. आजची रेजिमेंटल सेंटरं याच कल्पनेतून वाढली.

‘लाइट’ म्हणजे कमी ताकदीची?

उलट. लाइट इन्फन्ट्री म्हणजे मुख्य फळीच्या पुढे विखरून, झपाझप हालचाल करणारं पायदळ. पहिल्या अफगाण युद्धाच्या काळात, १८४१ मध्ये, मुंबईच्या ५ व्या पलटणीला ‘लाइट’ हे बिरुद मान म्हणून मिळालं.

जातीच्या आणि प्रांतांच्या नावाने रेजिमेंट अजून कशाला?

हा आक्षेप गंभीर आहे आणि त्याला दोन बाजू आहेत. एक भाषा, एक सण, एक जेवण यामुळे सेक्शनमधली माणसं लवकर एकजीव होतात, हे खरं. पण भरतीची ही विभागणी इंग्रजांनी ‘लढवय्या जाती’ ठरवून केली आणि तिने अन्याय केला, हेही तितकंच खरं. त्याची साक्ष महूलाच आहे. सुभेदार रामजी सकपाळ फौजेत सुभेदार होते, त्यांचे चिरंजीव भीमराव १४ एप्रिल १८९१ रोजी महूला जन्मले. आणि त्याच दशकात इंग्रजांनी महारांची भरती बंद केली. १९१७ मध्ये गरज पडली तेव्हा १११ वी महार पलटण उभारली, १९२१ मध्ये मोडली. १ ऑक्टोबर १९४१ रोजी महार रेजिमेंट उभी राहिली. तिचं सेंटर आता मध्य प्रदेशातच सागरला आहे आणि तिच्यात आज देशभरातले सगळे असतात.

एक व्यवहारी तोटाही आहे. एकाच भागातली कंपनी एका दिवसात पडली तर शोक त्याच गावांवर कोसळतो. रेझांग लाचे बहुतेक जवान रेवाडी-गुडगाव पट्ट्यातले अहीर होते. मिश्र भरतीची पद्धत ब्रिगेड ऑफ द गार्ड्सने (नावात ब्रिगेड असली तरी ती रेजिमेंटच) १९४९ पासून यशस्वी करून दाखवली आहे, आणि २०२२ मध्ये चार वर्षांच्या भरतीची अग्निपथ योजना जाहीर करताना सरकारने सर्वांसाठी खुल्या भरतीचं धोरणच सांगितलं. माझं मत असं: एकजीव होण्यासाठी जात लागत नाही, वेळ लागतो. एकत्र खाल्लेली थंडी आणि एकत्र केलेली पायपीट लागते. म्हणूनच चार वर्षांची मुदत मला जास्त काळजीची वाटते. सुभेदार मेजर चार वर्षांत तयार होत नाही. निवडून कायम होणाऱ्या चौथ्या हिश्श्यातूनच ती फळी उभी करावी लागेल.

ड्रोन आले, मग पायदळ कशाला?

ड्रोन टेकडी पाहू शकतो, तिच्यावर मारा करू शकतो. तिच्यावर रात्रभर बसू शकत नाही. म्हणून लष्कराने ड्रोन पायदळाच्या जागी आणले नाहीत, पायदळाच्या आत घातले. ‘अश्नी’ या ड्रोन प्लॅटूनचा अर्थ आता सरळ लागेल: बटालियनच्या घरात, उखळी तोफांच्या शेजारी, आणखी एक खोली. पूर्वी डोंगरापलीकडे पाहायला सीओला माणसं पाठवावी लागत किंवा वरच्यांकडे मागणी करावी लागे. आता डोळे त्याच्याच हातात.

‘भैरव’ ही बटालियन असली तरी सुमारे अडीचशे जणांची, नेहमीच्या पलटणीच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी. काम झटपट छाप्याचं, जागा धरून ठेवायचं नव्हे. ‘रुद्र’ ब्रिगेडमध्ये पायदळाबरोबर रणगाडे, तोफखाना, ड्रोन एकाच छपराखाली. प्रत्येक पलटणीला स्वतःच्या तोफा देणाऱ्या महादजींच्या कंपूची इथे आठवण येते.

आणि इंदूरची पलटण?

होळकरांचंही कवायती पायदळ होतं. १७९३ मध्ये लाखेरीला ते शिंद्यांच्या कंपूपुढे फार पोळलं. मराठ्यांच्याच दोन फौजा एकमेकींवर तोफा रोखून उभ्या होत्या. महिदपूरच्या १८१७ मधल्या पराभवानंतर मंदसोरचा तह झाला, राजधानी इंदूरला आली आणि १८१८ मध्ये महूची छावणी वसली. संस्थानी पायदळ मात्र टिकलं. संस्थानं विलीन झाल्यावर या पलटणी भारतीय सैन्यात घेतल्या गेल्या. कोल्हापूरची राजाराम रायफल्स १९ मराठा झाली. ग्वाल्हेरची पलटण १४ कुमाऊँ (ग्वाल्हेर) झाली आणि पुढे चिलखती गाड्यांतून लढणाऱ्या मेकॅनाइज्ड इन्फन्ट्रीची पाचवी बटालियन.

इंदूरची पलटणही कुमाऊँ रेजिमेंटला दत्तक गेली. सेंटर राणीखेतला, जवान पहाडातले आणि इतर प्रांतांतले, आळी दर दोन-तीन वर्षांनी नवी. तिचं नाव आता तुम्हाला वाचता येईल: १५ कुमाऊँ (इंदूर). पंधरा हा घराचा क्रमांक, कुमाऊँ हे कूळ, आणि कंसातलं इंदूर हे जन्मगाव.